पोचल्याचा शिक्का

माझ्या सासऱ्यांना बसता येत नाही. गुडघे ठणठणीत आहेत, पाठ ताठ आहे, पण खुर्चीत टेकले की दीड मिनिटात उठतात. चहासुद्धा खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत चालत पितात. समोरचा माणूस मान इकडून तिकडे वळवत बोलत राहतो आणि शेवटी कंटाळून गप्प होतो. मी दुसऱ्या दिवशीच गप्प झालो.

दीनानाथ बोंद्रे, वय एकाहत्तर. भोरच्या पोस्टात छत्तीस वर्षं नोकरी. त्यातली पहिली सव्वीस पोस्टमन म्हणून, आणि तीही पायी. सायकल मिळत होती, पण सायकलवर माणसाला घाई सुटते आणि घाईत पत्र चुकीच्या दारात पडतं, असं त्यांचं म्हणणं. शेवटची दहा वर्षं ते आत बसून, म्हणजे आत उभं राहून, टपालाची वर्गवारी करायचे आणि शिक्के मारायचे. त्या शिक्क्यांबद्दल ते इतक्या वेळा बोललेत की मलाही पाठ झालंय. पत्र निघतं तिथे एक शिक्का पडतो आणि पोचतं तिथे दुसरा, पाठीमागे. ज्याच्या पाठीवर दुसरा शिक्का नाही, ते पत्र पोस्टाच्या लेखी अजून वाटेवर आहे, मग ते कुणाच्या का उशाशी असेना.

सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्यानंतर या एप्रिलमध्ये बाबा पहिल्यांदाच आमच्याकडे जर्मनीत आले. याआधी दोघं मिळून दोनदा आले होते आणि फ्रँकफर्टच्या विमानतळावर दोन्ही वेळा पासपोर्टवर ठसठशीत शिक्का बसला होता. तो जुना पासपोर्ट संपला. हा नवा, कोरा करकरीत. मी त्यांना घ्यायला गेलो, तर बाहेर आल्या आल्या, बॅगेच्या गाडीला टेकून ते पानं उलटत होते. एकदा पुढून, एकदा मागून.

"शिक्का मारला नाही हो," ते म्हणाले.

"आता मारत नाहीत, बाबा. फोटो घेतला ना? बोटांचे ठसे घेतले ना? सगळं कॉम्प्युटरमध्ये गेलं."

"म्हणजे आवक नोंदवली नाही."

"नोंदवली. डिजिटल."

"दिसत नाही ती नोंद कसली?" असं म्हणून त्यांनी पासपोर्ट गळ्यातल्या पिशवीत ठेवला आणि स्टुटगार्ट येईपर्यंत पूर्ण वेळ ट्रेनमध्ये डब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिले. तिकीट तपासणाऱ्यानं त्यांना चार वेळा नमस्कार केला.

आम्ही राहतो स्टुटगार्टजवळच्या गेर्लिंगेनला, तिसऱ्या मजल्यावर, तीन खोल्यांत. मी, माझी बायको विभावरी आणि दहा वर्षांची अन्वी. अन्वीची खोली बाबांना दिली आणि अन्वी आमच्या खोलीत आली. आठवड्यातले तीन दिवस माझं ऑफिसही त्याच खोलीत, कपाटाला टेकवलेल्या टेबलावर. आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी त्या वसंतात माणसं कमी करत होती. कुणाचं नाव कधी निघेल सांगता येत नव्हतं. मी रात्री दोनदा उठून मेल बघायचो आणि पहाटे डोळा लागतोय तोवर पाच वाजता शेजारच्या खोलीतून पावलं सुरू व्हायची. अकरा पावलं, वळण. अकरा पावलं, वळण.

आठवड्याच्या आत खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ आयझेले, म्हणजे आयझेलेबाई, यांची चिठ्ठी आली, सुबक अक्षरात, की पहाटेच्या पावलांचा आवाज त्यांच्या बेडरूममध्ये येतो. मी केक घेऊन माफी मागायला गेलो. दुसऱ्याच दिवशी त्या स्वतः वर आल्या. त्या दिवशी सकाळी बाबा खाली टपालपेट्यांसमोर उभे राहून सगळ्यांची नावं वाचत होते. चुकीच्या पेटीत पडलेलं एक पाकीट त्यांनी दोन बोटांनी बाहेर ओढलं आणि बरोबर नावाच्या पेटीत टाकलं. फ्राऊ आयझेलेंनी ते पाहिलं होतं. दुसऱ्याच्या पेटीत हात घालणं इथे किती गंभीर आहे, हे त्यांनी मला उभ्या उभ्या वीस मिनिटं समजावलं. मी "जा, जा, गेनाऊ," म्हणजे हो, हो, अगदी बरोबर, करत राहिलो. आत बाबा अन्वीला सांगत होते, "पण पत्र बरोबर माणसाला मिळालं ना?" अन्वीला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र ती जर्मनमध्येच देते. ती म्हणाली, "ओपा, दास डार्फ मान निष्ट!" आजोबा, असं करायचं नसतं. बाबांनी मान डोलावली आणि पुन्हा चालायला लागले.

त्या संध्याकाळी मी बाल्कनीत जाऊन आखन शहरातल्या केतनला फोन लावला. केतन माझा कॉलेजचा मित्र, त्याच्यापाशी मी कसाही बोलतो. तो म्हणाला, "काय, सासरे आलेत ना? मजा आहे." मी म्हणालो, "हे बघ, अठ्ठ्याऐंशी दिवस काढायचेत रे. नऊ झाले." दोघं हसलो. मी वळलो तर बाल्कनीचं दार उघडं होतं आणि बाबा ओट्याशी उभे राहून पाणी पीत होते.

"केतन बरा आहे का?" त्यांनी विचारलं.

"बरा आहे."

त्यांना ऐकू गेलं नसणार, असं मी ठरवून टाकलं. स्वतःला फसवण्यात माझा हात कुणी धरणार नाही. दुसऱ्या दिवसापासून बाबा नाश्ता झाला की बाहेर पडायचे ते थेट संध्याकाळच्या जेवणाला यायचे. गेर्लिंगेन संपलं, मग रानातून वरच्या राजवाड्यापर्यंत, मग पलीकडच्या गावापर्यंत. विभा काळजी करायची. मला खरं सांगायचं तर बरं वाटायचं, घर शांत व्हायचं.

क्योटोचं बुकिंग वर्षापूर्वीचं होतं, अन्वीच्या मेअखेरच्या सुट्टीतलं. बाबांचा जपानचा व्हिसाही पुण्याहूनच काढून आणला होता. निघायच्या आदल्या दिवशी विभानं वाटणी जाहीर केली. "मी आणि अन्वी बसनं फिरू. तू बाबांबरोबर चाल. परक्या शहरात त्यांना एकटं सोडायचं नाही. आणि तुझी चिडचिडही चालून जराशी उतरेल."

"मला जपानमध्ये परेड करायची नाहीये, विभा."

"मग त्यांना एका जागी बसवून दाखव."

गेलो चालत. पहिल्या दिवशी बावीस किलोमीटर. मी फोनमध्ये कार्यक्रम आखून आणला होता: कुठलं देऊळ किती वाजता, कुठे जेवण, कुठून बस. बाबांनी पहिल्या चौकातच तो मोडीत काढला, कारण त्यांना क्योटोचे पत्ते कसे लिहितात ते कळलं. हॉटेलातल्या मुलीनं कागदावर काढून दाखवलं होतं. आडवा रस्ता कुठला, उभा कुठला, आणि त्या चौकातून वर जायचं की खाली, पूर्वेला की पश्चिमेला. उत्तरेला गेलं की 'वर', दक्षिणेला 'खाली'. बस, पत्ता झाला. बाबा चौकात उभे राहिले आणि इतक्या मोठ्यानं हसले की सिग्नलला थांबलेले चार लोक वळले.

"उत्कर्षराव, हे गाव पोस्टमननं वसवलंय!"

मग देवळं बाजूलाच राहिली. बाबांना गल्ल्या हव्या होत्या. लाकडी जाळ्यांची बुटकी घरं, दारासमोर आगीसाठी भरून ठेवलेल्या लाल बादल्या, भिंतीवर गल्लीच्या नावाच्या पट्ट्या, वळणावर छोट्याशा देवळीत लाल लाळेरं बांधलेले दगडी देव. बाबा प्रत्येक देवळीसमोर हात जोडायचे आणि पुढे निघायचे. थांबणं नाही. गल्लीत डावीकडची घरं बघत जायचं, उजवीकडची बघत परत यायचं. मी मागून घामाघूम, एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात फोन. फोनवर ऑफिसचे मेल. "टीममध्ये बदल" असा विषय दिसला की मी भर गल्लीत थांबून उघडायचो, आत कँटीनचं वेळापत्रक.

विणकरांच्या वस्तीत एक पोस्टमन भेटला, लाल मोटरसायकलवर. बाबांनी त्याला हात करून थांबवलं. स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, खांद्यावर थैली असल्याची खूण केली, दोन बोटं चालवून दाखवली आणि छत्तीस वर्षं सांगायला दहाही बोटं तीनदा उघडून वर सहा दाखवली. त्या माणसाला सगळं कळलं. त्यानं हेल्मेट काढलं आणि कमरेत वाकून नमस्कार केला. बाबांनी त्याला कडक सॅल्यूट ठोकला. दोघं एकमेकांच्या भाषेतलं अक्षर न बोलता पाच मिनिटं बोलले. माझ्याशी बाबा पाच आठवड्यांत इतकं बोलले नव्हते. मला त्या पोस्टमनचा हेवा वाटला, हेही सांगून टाकतो.

स्टेशनजवळच्या मोठ्या देवळात पहिला शिक्का पडला. अवाढव्य लाकडी सभामंडप, बूट पिशवीत घालून हातात धरायचे आणि आत चटयांवर जायचं. ओवरीच्या जुन्या फळ्यांना पडलेली भोकं कुणा सुतारानं पानाच्या, भोपळ्याच्या आकाराचे तुकडे बसवून बुजवली होती. मी पायऱ्यांवर बसून टाचेचा फोड बघत होतो, म्हणून बाबा एकटेच आत गेले. बाहेर आले ते अंगठ्याची शाई रुमालानं पुसत.

"आत शिक्का ठेवलाय. येणाऱ्यानं आपला आपण मारून घ्यायचा. फुकट!" त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज मी आधी पाहिलं नव्हतं. "काय सुरेख उठला म्हणून सांगू. शाई अगदी नेमकी."

त्यांनी एक निळं पुस्तक गळ्यातल्या पिशवीत सरकवलं. गेर्लिंगेनला मीच त्यांना एक निळी वही दिली होती, हिशोब-बिशोब लिहायला. म्हटलं, चला, वही कामाला आली. आणि मी पुन्हा फोनमध्ये डोकं घातलं.

त्यानंतर ते शिक्के शोधतच चालायला लागले. काही देवळांत असायचे, किल्ल्यात होता, रेल्वे स्टेशनांवर होते. मी बाहेर बसायचो, ते आत जायचे आणि शाई पुसत बाहेर यायचे. एकदाच दोघं एकत्र बसलो, एका देवळाच्या ओसरीवर, समोर पांढऱ्या खडीची बाग. सगळे चिडीचूप बसून ती खडी बघत होते. बाबा ओसरीवर येरझाऱ्या घालायला लागले, तेव्हा तिथल्या बाईंनी अगदी नम्रपणे त्यांना हातानं बसायची खूण केली. बसले. त्यांचा उजवा पाय सारखा हलत होता. माझा अंगठा सारखा फोनवर हलत होता. बाग दोघांनीही पाहिली नाही.

पाचव्या दिवशी एका टेकडीवरच्या देवळात गेलो. मागे पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेली दफनभूमी, वरून सगळं शहर दिसतं. माझा श्वास लागला होता. बाबा शहराकडे बघत म्हणाले, "बटवडा आटोपून मी अडीचला घरी यायचो. कडी वाजली की ही आतून म्हणायची, 'आलात?' एवढंच. सव्वीस वर्षं." मग म्हणाले, "आता भोरला कडी मीच काढतो आणि मीच लावतो. पाय थांबले ना, उत्कर्षराव, की घर फार ऐकू येतं."

तेव्हाच खिशात फोन थरथरला. मी "हं" म्हणालो आणि मेल उघडला. त्या "हं"ची मला अजून लाज वाटते.

फ्रँकफर्टला परत उतरलो. विभा आणि अन्वी त्यांच्या रांगेतून पुढे गेल्या, मी बाबांबरोबर परदेशी पासपोर्टांच्या रांगेत थांबलो. काचेमागे तिशीची पोलीस अधिकारी होती. तिनं पासपोर्ट उघडला, व्हिसा बघितला, पान उलटलं आणि तिथेच थांबली. मग पासपोर्ट आडवा करून आमच्याकडे वळवला.

लाल कमळ. काळं महाद्वार. पाच मजली मनोरा. एका पानावर तर हसरी आगगाडी. एकूण अकरा शिक्के, प्रत्येकाखाली निळ्या शाईत बारीक मराठी अक्षर.

"बाबा, हे काय केलंत?" माझा आवाज इतका चढला की शेजारच्या रांगा वळल्या.

"शिक्के."

"पासपोर्टात?"

"मग कशात?" त्यांना खरंच कळत नव्हतं. "वहीतला शिक्का आपला आपल्यापुरता. सरकारी पुस्तक हे एकच आहे माझ्याजवळ. इथे नाही मारला यांनी, पानं रिकामी पडली होती."

"अहो, फक्त सरकारनंच मारायचे असतात! पासपोर्ट बाद होतो अशानं! परत पाठवतील तुम्हाला, इथूनच!"

बाबांचा चेहरा उतरला. दहा वर्षांत एकही शिक्का चुकीच्या जागी न मारलेल्या माणसाला मी चारचौघांत हे सांगितलं होतं. ते हळूच म्हणाले, "असं होय. चूक झाली मग."

अधिकारी पासपोर्ट घेऊन आत गेली. दहा मिनिटं गेली. बाबा काचेसमोर तीन पावलं इकडे, तीन पावलं तिकडे करत होते. आणि मी काय विचार करत होतो? लपवत नाही. क्षणभर माझ्या मनात आलं, पाठवलं परत तर उरलेले दिवस तरी सुटतील. मनात आलं आणि मीच दचकलो. बाबा तीन पावलं इकडे, तीन पावलं तिकडे.

ती परत आली. जागेवर बसली आणि शिक्क्यांखालच्या अक्षरांवर बोट ठेवलं. हे काय लिहिलंय, तिला हवं होतं. सगळं. मी वाचायला लागलो आणि जर्मनमध्ये सांगायला लागलो.

"मोठे देऊळ. सकाळी १०.४०. हवा उष्ण. उत्कर्षरावांच्या टाचेला फोड. पट्टी दिली." उत्कर्ष म्हणजे मी, असं सांगावं लागलं. "किल्ला. दुपारी १.१५. उत्कर्षरावांनी पाणी दिले." "स्टेशन. ५.०५. उत्कर्षराव काळजीत. विचारले नाही." "टेकडी. ४.२०. जास्त बोललो. उत्कर्षराव दमले होते."

सगळीकडे मीच होतो. देवळांबद्दल एक ओळ नव्हती.

"आणि हे आकडे?" तिनं विचारलं. प्रत्येक नोंदीच्या शेवटी एक शब्द आणि एक आकडा होता. शिल्लक ५५. शिल्लक ५४. ५३. ५२. ५१.

"बाबा, ही शिल्लक कसली?"

"दिवसांची." त्यांचा आवाज अगदी साधा होता. "तुम्ही केतनला म्हणाला होतात ना, अठ्ठ्याऐंशी दिवस काढायचेत म्हणून. तुम्हाला एकट्याला मोजत बसायला नको, म्हणून मीही मोजतो. आज पन्नास राहिले."

बाबांना टोमणा मारता येत नाही. त्यांनी आयुष्यभर पाकिटावर जे होतं तेवढंच पोचवलं. म्हणूनच ते जास्त लागलं.

"काय म्हणतायत?" अधिकारी बाईनं विचारलं.

"इथले किती दिवस राहिले, ते मोजतायत," मी म्हणालो.

तिचा चेहरा पहिल्यांदाच सैल झाला. फार काटेकोर गृहस्थ आहेत, ती म्हणाली, सगळ्यांनी असं मोजलं तर आमचं काम किती सोपं होईल. मग तिनं शेवटचं पान काढलं. तिथे हातानं काढलेला एक गोल होता, आत काहीच नाही, खाली फक्त 'गेर्लिंगेन'.

"आणि हे?"

"आम्ही तिथे राहतो," मी म्हणालो. याहून जास्त मलाही माहीत नव्हतं.

याच्यात आणखी काही भरू नका, तिनं बजावलं. भारतात परतायच्या आधी म्युनिकच्या भारतीय वकिलातीत जाऊन नवा पासपोर्ट काढा. या वेळी सोडते. फोटो, चार बोटं, हिरवा दिवा. बाबा काचेवर नाक टेकवून तिच्या हातांकडे बघत होते. तिनं शिक्का मारला नाही.

परतीच्या ट्रेनमध्ये बाबा डब्यात चालत होते आणि मलाही बसवेना. दाराजवळ उभा राहून मी विभाला सगळं सांगितलं. बाल्कनीतलं बोलणं, टेकडीवरचं "हं", काचेसमोर मनात आलेलं ते वाक्यसुद्धा. मानहाइम स्टेशन गेल्यावर ती म्हणाली, "माझे वडील आहेत ते. पण हे तू निस्तरायचंस. मी मध्ये पडणार नाही."

घरी पोचलो तेव्हा बाहेर लख्ख उजेड होता. सामान तसंच दारात टाकलं. विभानं चहा ठेवला. बाबा मोज्यांवर चालत होते, चपला हातात. फ्राऊ आयझेलेंना आवाज जाऊ नये म्हणून ते रोज असेच चालायचे, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. पाच आठवडे ते माझ्या डोळ्यांसमोरच चालत होते.

"बाबा, मी केतनला जे बोललो ते वाईट बोललो."

"त्यात वाईट काय? घर लहान आहे. मी सारखा पायांत येतो."

"घराचं नाही हो. नोकरीची भीती आहे मला. ती बाहेर काढता येत नाही, म्हणून तुमच्यावर काढली." मी ट्रेनमध्ये पुढचं एक वाक्य पाठ केलं होतं, ते ऐनवेळी सापडेना. जे तोंडात आलं ते बोललो. "तुम्ही इथे असावं असं मला वाटतं. मोजू नका."

बाबा खिडकीपर्यंत गेले. परत आले. चपला खाली ठेवल्या. मी विचारलं, "तो शेवटच्या पानावरचा गोल रिकामा का ठेवलात? बाकीचे तर सगळे मारलेत."

"ते वाटेवरचे. वाटेवरचे आपले आपण मारले तरी चालतात. हा पोचल्याचा आहे." ते थांबले. "पोचल्याचा शिक्का पत्र स्वतःवर मारत नाही, उत्कर्षराव. ज्या ऑफिसात पोचतं, त्यानं मारायचा असतो."

चहा उकळून वर आला. विभानं गॅस बंद केला आणि पाठमोरीच उभी राहिली.

मी उठलो आणि शिक्का शोधायला लागलो. सगळे खण उपसले. एका सॉफ्टवेअरवाल्याच्या घरात चार लॅपटॉप असतात, नऊ चार्जर असतात, शिक्का एकही नसतो. मी स्वयंपाकघरातलं वाट्यांचं कपाटसुद्धा उघडलं. अन्वी दारात उभी राहून हे बघत होती. ती म्हणाली, "इष हाब आइनन." माझ्याकडे आहे एक. आणि तिनं दप्तरातून आणला, पहिलीत बाईंनी दिलेला, टोपी घातलेला बेडूक. हिरव्या शाईची डबीही होती.

पण मी पासपोर्ट उघडल्यावर ती घाबरली. "पापा, दास डार्फ मान निष्ट!"

"माहितेय," मी म्हणालो.

पुढे म्युनिकला खिडकीतल्या बाईंनी अकरा शिक्क्यांचं एक आणि या बेडकाचं वेगळं स्पष्टीकरण लिहून घेतलं. कारण काय, या रकान्यात मी लिहिलं की माझे सासरे घरी पोचले होते. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि फाइलला लावलं. पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी मी बेडूक शाईत दाबला, गोलाच्या बरोबर मधे धरला आणि जोर दिला.

बाबांनी पासपोर्ट उजेडात नेऊन बघितला. "डावा पाय उठला नाही. शाई सगळीकडे सारखी लागली पाहिजे."

"पहिलाच आहे माझा."

"हं. पहिला असाच होतो." त्यांनी खिशातून पेन काढलं. लिहायला टेबल लागतं, म्हणून खुर्ची ओढून बसले. मी समोरून उलटी अक्षरं वाचत होतो. गेर्लिंगेन. सायंकाळी ७.४०. हवा गार. शिक्का उत्कर्षरावांनी मारला.

मी आकड्याची वाट बघत राहिलो. बाबांनी पेनाला टोपण लावलं, ते खिशात ठेवलं आणि बसल्या जागी चहाचा कप पुढे ओढला.